कन्सोलला चिप मारणं : चोरी की कारागिरी?

गंजगोलाईकर, लातूर
परवा इथं एका भाऊंनी लिहिलं : "निन्टेंडोच्या स्विचला, म्हणजे गेमच्या कन्सोलला, कुलूप तोडणारी चिप बसवणारे सगळे फुकटे. दुसऱ्यानं केलेली फाइल स्वस्तातल्या बोर्डात टाकायची, याला काय इंजिनिअरिंग म्हणायचं?" सोडून देणार होतो, राहवलं नाही.

त्या बोर्डावर काय चालतं ते तरी बघा. २०१८ ला 'फ्युझे जेले' नावाचं भोक बाहेर आलं. उजव्या जॉयकॉनच्या (कंट्रोलरच्या) खाचेतली पिन ग्राउंडला टेकवून, आवाज वाढवायचं बटण धरून स्विच चालू केलं की त्यातला टेग्रा प्रोसेसर रिकव्हरीत जायचा. मग यूएसबीवरून भलत्याच लांबीची मागणी टाकली की बूटरॉमचा (चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामचा) बफर ओसंडायचा आणि आपला कोड आत. बूटरॉम सिलिकॉनमध्येच, त्यामुळं अपडेटनं भोक बुजेना. कंपनीला चिपच बदलावी लागली.

त्या स्वस्त बोर्डावरचा आरपी२०४० मायक्रोकंट्रोलर लागतो तो या बदललेल्या चिपांना. तो ईएमएमसीच्या (कन्सोलच्या आतल्या स्टोरेजच्या) तारांवर कान लावून बसतो. प्रोसेसर बूटलोडरची (पुढच्या प्रोग्रामची) सही तपासायला लागला की बरोबर त्या क्षणी मॉस्फेट ट्रान्झिस्टरनं त्याचा व्होल्टेज खाली ओढतो. तपासणी निसटते. आधी टायमिंग जुळत नाही, बोर्ड करून करून बघतो आणि जुळलेलं साठवून ठेवतो. केसाएवढ्या तारेनं हे टाके एकदा मारून दाखवा, मग बोलू.

वाळूज सेकंड शिफ्ट
तो भाऊ मीच. वर्णन झकास, टाळ्या. आता खरं सांगा, गिऱ्हाईक दुकानात आल्यावर काय विचारतं? "होमब्रू, म्हणजे हौशी लोकांनी लिहिलेले प्रोग्राम, चालतील का?" की "गेम किती भरून देता?" कॉपीराइट कायद्यात २०१२ ला असली कुलपं तोडण्याविरुद्ध कलम ६५अ आलंय, दोन वर्षांपर्यंत कैद. कन्सोलच्या चिपा काढणाऱ्या टीम एक्झिक्युटरच्या गॅरी बाउझरला अमेरिकेत २०२२ ला ४० महिने ठोठावले. कारागिरीबद्दल सत्कार नाही झाला त्याचा.

गंजगोलाईकर, लातूर
६५अ अर्धंच वाचलंय तुम्ही. हक्कभंग करायच्या उद्देशानं कुलूप तोडलं तर गुन्हा. एन्क्रिप्शनच्या संशोधनाला त्याच कलमात सूट आहे. आणि बाउझर चिपा विकायच्या धंद्यात होता, घरी बसून शिकत नव्हता.

वाळूज सेकंड शिफ्ट
हो हो, तुमचं गिऱ्हाईक संशोधनच करत असेल. रात्री दोनला, फुटबॉलच्या गेमवर.

जुना परभणीकर
भांडा तुम्ही. आमच्याकडं पीएसवन, सोनीचा जुना कन्सोल, तासावर मिळायचा. आत आठ पायांची पिक चिप, डिस्क अस्सल आहे असं ड्राइव्हला खोटंच सांगत राहायची. अस्सल सीडी अख्ख्या गल्लीत कुणी पाहिली नव्हती. तेव्हा कुणाला चोर म्हणायचं सुचलं नाही.

बोअर पाचशे फूट, बीड
तुमचे खेळ राहू द्या. लाईट येते रात्री, म्हणून मोटरीला मोबाइल स्टार्टर बसवला. त्याच्या बोर्डातला कंट्रोलर गेला. दुकानदार म्हणतो, चिप मिळेल, आतला प्रोग्राम मिळणार नाही, लॉक केलाय. कंपनी फोन उचलत नाही. ऊस वाळायलाय आणि तुम्ही कलमं सांगायलात! हे कुलूप फोडलं तर मी पण चोर का?

वाळूज सेकंड शिफ्ट
दादा, असले बोर्ड आम्हीच बनवतो. लॉक नाही लावलं की नक्कल बाजारात आलीच म्हणून समजा. आमच्या एका बोर्डाची झाली. नक्कल करणाऱ्यानं ड्राय रनची करंट सेटिंग बिघडवून ठेवली, विहीर कोरडी पडली तरी मोटर चालूच. लोकांच्या मोटरी जळाल्या, शिव्या आम्हाला, कारण डबा हुबेहूब आमचा.

बोअर पाचशे फूट, बीड
तुमचा डबा, तुमची शिवी. रिवाइंडिंगचा खर्च कुणाच्या खिशातून गेला ते नाही सांगितलं.

गंजगोलाईकर, लातूर
बघा, मी हेच म्हणतोय! लॉक तोडायची विद्या कन्सोलवर शिकलेलं पोरगंच उद्या असला बोर्ड उभा करेल. वाळूजकरांना पोरगं नको, नवीन स्टार्टर विकायचाय.

वाळूज सेकंड शिफ्ट
तोंड सांभाळून. मी पगारी माणूस आहे, स्टार्टर विकला तरी मला कमिशन नाही. बरं, कंपनीनं सेवा बंद केली असेल तर पैसे घेऊन का होईना, हेक्स फाइल (चिपमध्ये भरायचा प्रोग्राम) द्यावी, एवढं कबूल. घ्या, जिंकलात. फुकट गेमचा याच्याशी काय संबंध ते मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही.

गंजगोलाईकर, लातूर
बीडवाले भाऊ, लॉक फोडायचीही गरज नाही. फेज तपासायचे, करंट वाचायचा, दोन रिले आणि सिमच्या जीएसएम मॉड्युलला एटी कमांड (मजकुरातले हुकूम). प्रोग्राम नव्यानं लिहिता येईल. चिपवरचा नंबर तेवढा सांगा.

बोअर पाचशे फूट, बीड
नंबर कुठला? पॉलिश पेपरनं घासून काढलाय.

वाळूज सेकंड शिफ्ट
हा मात्र हलकटपणा झाला. आम्ही नंबर घासत नाही.

वरून इपॉक्सी ओततो.