फंक शिकायला जेम्स ब्राउन कुठून ऐकू?

बेसवाला_धरमपेठ:
नमस्कार मंडळी, आमचा कॉलेजचा बँड आहे, आतापर्यंत रॉक वाजवला, आता फंक, म्हणजे ते ठेक्यावर चालणारं अमेरिकन नाचाचं संगीत, सुरू करून राह्यलो, बेस गिटार माझ्याकडे आहे. ज्याला विचारलं तो म्हणते अमेरिकन गायक जेम्स ब्राउन ऐक. ऐकलं भाऊ, पण कॉर्ड तर बदलतच नाही, सारखं तेच तेच चालू असते. मग हा माणूस इतका मोठा काहून झाला?

महालचा_ठेका:
कॉर्ड नको शोधू, ठेका पकड. आपल्याकडे समेवर आलं की सगळ्यांच्या माना हलतात न, तसा याचा सारा जीव पहिल्या मात्रेत. आधी जोर दोन आणि चारवर असायचा, यानं तो एकवर आणला, आणि गिटार, ब्रास (ट्रम्पेटसारखी फुंकायची वाद्यं), स्वतःचा गळा, सगळ्यांना ड्रमसारखंच वाजवायला लावलं. १९६५ चं 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग' पहिले ऐक, मग १९६७ चं 'कोल्ड स्वेट'. आणि १९७० चं 'सेक्स मशीन' तर ऐकच, त्यात बेसवर बूट्सी कॉलिन्स आहे, तेव्हा फक्त १८ वर्षांचा होता!

जुना_रेकॉर्डवाला:
बाप्पा, त्याच्या आधीचं पण सांगा न पोराला. १९३३ चा जन्म, साउथ कॅरोलिनातली भयानक गरिबी, लहानपणी जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरात बूट पॉलिश केले, सैनिकांसमोर नाचून पैसे मिळवले, १६ व्या वर्षी चोरीत जेलमधे गेला. बाहेर आल्यावर बॉबी बर्ड नावाच्या गायकाच्या ग्रुपमधे शिरला, १९५६ मधे 'प्लीज प्लीज प्लीज' चाललं आणि मग दोन वर्षं एकामागून एक गाणी पडली, ती थेट १९५८ च्या 'ट्राय मी'पर्यंत. खरी उडी मात्र न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरची. लाइव्ह रेकॉर्डिंग करायचं म्हटलं तर कंपनीचा मालक सिड नेथन तयार नाही, जुनीच गाणी पुन्हा कोण घेईल म्हणे, तर यानं स्वतःचा पैसा टाकला, ऑक्टोबर १९६२ मधे रेकॉर्ड केलं आणि पुढच्या वर्षी तो अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या नंबरपर्यंत गेला. लोकांचा आवाज ऐक त्यात, अंगावर काटा येते.

इंदोऱ्याची_पोरगी:
मी भीमगीतं ऐकत मोठी झाली, म्हणून माझ्यासाठी सगळ्यात मोठं गाणं १९६८ चं 'से इट लाउड'. त्याच वर्षी एप्रिलमधे मार्टिन लूथर किंगचा खून झाला होता. अशा काळात तो म्हणते मी काळा आहे आणि मला अभिमान आहे, आणि लहान पोरं ते ओरडून म्हणतात. आपल्याकडे १९७२ मधे दलित पँथर उभी झाली तीही तिकडच्या काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरूनच नाव घेऊन. दीक्षाभूमीवर गर्दीत उभं राहून एका आवाजात म्हणणं काय असते ते ज्याला माहीत आहे त्याला हे गाणं पहिल्यांदाच कळते.

महालचा_ठेका:
तुझ्या ड्रमरला जेम्स ब्राउनचं 'फंकी ड्रमर' गाणं ऐकायला दे. त्यातला ड्रमर क्लाइड स्टबलफिल्डचा ड्रमचा तुकडा हिप हॉपवाल्यांनी किती गाण्यांत घेतला त्याला मोजदाद नाही, पण गाण्यावर त्याचं नाव नव्हतं म्हणून रॉयल्टी त्याला मिळाली नाही. मला हे फार लागते. जेम्स ब्राउन मोठाच, पण वाजवणाऱ्यांची नावं पण पाठ करा राजेहो.

बेसवाला_धरमपेठ:
धन्यवाद सगळ्यांना. आज अपोलोवालं ऐकतो, उद्या प्रॅक्टिसला एकाच कॉर्डवर पूर्ण गाणं वाजवून पाहू. बूट्सीच्या आधी बेसवर कोण होतं?

महालचा_ठेका:
बर्नार्ड ओडम. 'कोल्ड स्वेट'मधला बेस त्याचाच.