बोईंग ७४७-८ मालवाहू विमान : इंचॉन ते शिकागो थेट जमेना

कोथरूडकर : मंडळी, घरच्या सिम्युलेटरवर (संगणकावर विमान उडवतो तो) ७४७-८ मध्ये १३० टन माल भरला. दक्षिण कोरियातल्या इंचॉनहून शिकागो साधारण १०,५०० किमी. लागेल तेवढं इंधन टाकलं की उड्डाणाच्या वेळच्या वजनाची ४४७ टनांची मर्यादा ओलांडते. माल कमी करायचा नाहीये. काय करू?

शनिवारचा_वैमानिक : दादा, माल राहू द्या, वाटेत अलास्कातल्या अँकरेजला उतरा. पूर्ण भरलेलं हे विमान सुमारे ७,६०० किमीच जातं. अँकरेज ६,१०० वर आहे. खरी मालवाहू विमानंही तिथेच इंधन भरतात. मी दर शनिवारी हाच टप्पा उडवतो. रात्रीची जेवणं उरकली की निघायचं. दूधवाला बेल वाजवतो तेव्हा समोर अलास्काचे बर्फाचे डोंगर असतात. फार सुंदर दिसतात हो! सुरुवातीलाच ३७,००० फूट उंची मागू नका. जड असताना ३१,००० च्या आसपास राहा, इंधन जळेल तसं वर चढा.

सोलापूरची_सई : उतरतानाची मर्यादा ३४६ टन, तीही बघा. रिकामं विमानच १९७ टनांचं, वर तुमचा १३० टन माल, म्हणजे धावपट्टीवर टेकताना इंधन १९ टनांच्या आत हवं.

कोथरूडकर : उतरलो! ३४१ टन. आता शिकागोसाठी इंधन भरतोय.