चिंचेने तांबे उजळते, त्याला क्षपण म्हणावे का?

प्रश्न (कसबा पेठ)

गणपतीच्या आधी घरातले तांब्याचे घंगाळ चिंच-मीठ लावून घासले. त्याच दिवशी चांदीची निरांजने ॲल्युमिनिअमच्या फॉइलवर ठेवून त्यांवर खाण्याचा सोडा घातलेले कढत पाणी ओतले. दोन्ही लख्ख झाली. दहावीतल्या मुलीने विचारले, की काळपट थर चढणे हे ऑक्सिडीकरण (धातूने इलेक्ट्रॉन गमावणे) असेल, तर तो निघणे हे दोन्हीकडे क्षपणच (धातूला इलेक्ट्रॉन परत मिळणे) ना? मी हो म्हणून गेले, पण चिंचेने तांब्याला इलेक्ट्रॉन कुठून दिले, हे मला काही केल्या सांगता येईना. कृपया कोणी उलगडून सांगावे.

उत्तर (निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, सदाशिव पेठ)

आपली शंका रास्त आहे. मुलीला दिलेले उत्तर चांदीपुरतेच बरोबर आहे.

चांदीवरचा काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा असतो आणि त्यात चांदीचा ऑक्सिडीकरण अंक +१ असतो, म्हणजे तिच्या प्रत्येक अणूने एक इलेक्ट्रॉन गमावलेला असतो. चांदी फॉइलला टेकलेली असली, की ॲल्युमिनिअमचा प्रत्येक अणू तीन इलेक्ट्रॉन सोडतो आणि ते चांदीला मिळून ती पुन्हा धातुरूपात येते. म्हणजे थरात अडकलेली चांदी निरांजनावरच राहते. आपल्याला त्या वेळी कुजक्या अंड्यासारखा किंचित वास आला असेल. तो हायड्रोजन सल्फाइडचा.

तांब्याचे तसे नाही. काळ्या कॉपर ऑक्साइडमध्ये तांबे +२ असते. चिंचेतल्या टार्टारिक आम्लाचे हायड्रोजन आयन ऑक्साइडमधल्या ऑक्सिजनशी मिळून पाणी तयार करतात आणि तांबे पाण्यात उतरते, पण उतरतानाही ते +२ च असते. इलेक्ट्रॉनची देवघेव झालीच नाही. ही आम्ल आणि आम्लारिधर्मी ऑक्साइड यांची अभिक्रिया झाली. ‘ऑक्सिजन निघाला म्हणजे क्षपण’ एवढेच पाठ केले, की नेमकी इथे फसगत होते. जी झळाळी दिसते ती खालच्या, आजवर झाकलेल्या धातूची असते. थरातले तांबे मोरीत गेलेले असते.

उत्तर (प्रयोगशाळेत काम करणारा, वारजे)

सरांच्या उत्तराला एक पुरवणी. थरात लालसर क्युप्रस ऑक्साइडही असते आणि त्यात तांबे +१ असते. विरल सल्फ्युरिक आम्लात त्याचे निम्मे तांबे +२ होऊन विरघळते आणि निम्मे धातू होऊन खाली बसते. एकाच मूलद्रव्याचे ऑक्सिडीकरणही होते आणि क्षपणही. चिंचेबरोबर मीठ असले, की क्लोराइडमुळे +१ तांबे द्रावणात काहीसे टिकून राहू शकते, म्हणून घंगाळाबाबत मी इतके ठामपणे बोलणार नाही.

उत्तर (तांबट आळीजवळ राहणारा)

कल्हईचा उल्लेख राहून गेला. तांबे नुसत्या आम्लातून हायड्रोजन बाहेर काढू शकत नाही, पण हवेतला ऑक्सिजन त्याचे ऑक्सिडीकरण करतो आणि आंबट पदार्थ ते विरघळवून घेतो. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकते ते याच जोडीमुळे. कल्हईवाले भांडे तापवून त्यात नवसागर (अमोनियम क्लोराइड) टाकतात. उष्णतेने त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, तो ऑक्साइडचा थर काढतो आणि मगच २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे कथील उघड्या तांब्याला धरते. पांढरा धूर उठतो तो याच वेळी. तांबे स्वच्छ झाले नसेल, तर कथलाचे गोळे होतात आणि कापसाच्या बोळ्याने कितीही फिरवले तरी ते पसरत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. सरांचे वाचून आम्ही काल पुन्हा चिंच-मीठ लावले, या वेळी घंगाळाचे धुवण वाटीत धरून ठेवले आणि त्यात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा बुडवला. सकाळी खिळ्याचे बुडालेले टोक तांबूस झाले होते आणि बोटाने पुसले तर ती तांबूस पूड बोटाला लागली. लोखंडाने इलेक्ट्रॉन दिले आणि तांबे धातू होऊन खिळ्यावर बसले, हे मुलीने स्वतःच सांगितले. क्षपण झाले ते या वाटीत, घंगाळावर नव्हे, असे तिने वहीत लिहून घेतले आहे.