प्रतिसाद: घोडबंदरची धूळ, चोंदलेलं नाक आणि दाबबिंदू
घोडबंदर रोडच्या धुळीने नाक चोंदलं किंवा छाती आवळली तर श्वास मोकळा व्हावा म्हणून अंगावरचे ठराविक बिंदू दाबतात (अ‍ॅक्युप्रेशर). ते 'दुखेपर्यंत जोरात दाबा' असं या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, ते करू नका. दुखलं की माणूस नकळत श्वास रोखतो, म्हणजे मूळ हेतूच बारगळतो.

नाक चोंदलं असेल तर नाकपुडीच्या कडेला, गालाची घडी सुरू होते तिथे दोन्ही तर्जन्या ठेवून 1 मिनिट हलके गोल फिरवा. छाती आवळल्यासारखी वाटत असेल तर कॉलरबोनच्या बाहेरच्या टोकाखाली खळगा लागतो. त्याच्या खाली अंगठ्याच्या रुंदीएवढ्या अंतरावर, बरगडीवर नव्हे तर दोन बरगड्यांमधल्या मऊ जागी दाबा. श्वास सोडताना दाब, घेताना ढील, असं 8-10 वेळा, मग दुसरी बाजू. उच्छ्वास ओठांचा चंबू करून लांबवा. खरं सांगायचं तर निम्मा आराम त्यानेच मिळतो.

हाताच्या अंगठा-तर्जनीमधला आणखी एक दाबबिंदू आहे, तो मात्र गरोदरपणी टाळतात.

ठाण्यात मेट्रोच्या कामांच्या धुळीत दम्याचा त्रास वाढला तर आधी इनहेलर. श्वासनलिकेची सूज बिंदू दाबून उतरत नाही. एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसले तर थेट 108.