वाटेचा हक्क असला तरी धडक टाळावीच लागते

शिडाच्या नौकांच्या शर्यतीत दोन मित्रांच्या नौकांची टक्कर झाली. त्यात स्टारबोर्ड टॅकवरील, म्हणजे उजव्या बाजूने वारा घेणाऱ्या, कॅटामरानला (दोन हलांच्या नौकेला; हल म्हणजे नौकेचा तरंगता सांगाडा) वाटेचा हक्क होता, म्हणजे दुसऱ्या नौकेनेच बाजूला व्हायला हवे होते, हे या प्रकरणावर मांडले गेलेले मत मान्य आहे. पण म्हणून तिच्या चालकावर काहीच जबाबदारी येत नाही, हा त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र पटत नाही. शर्यतीच्या नियमांतील 14वा नियम दोन्ही नौकांना शक्य असेल तेथे टक्कर टाळायला सांगतो आणि समोरची नौका बाजूला होत नाही हे स्पष्ट झाल्यावरही हक्कदार नौकेने काही केले नाही, तर नुकसान किंवा इजा झाल्यास तीही दोषी ठरू शकते. अर्थात कॅटामरानवर हे बोलण्याइतके सोपे नसते: वाऱ्याकडचा हल पाण्याबाहेर उचललेला, चालक ट्रॅपीझवर (डोलकाठीपासून येणाऱ्या तारेवर) बाहेर लटकलेला, दुसऱ्या बाजूचे दृश्य जिबने (पुढच्या शिडाने) झाकलेले, आणि जोरदार वाऱ्यात ऐनवेळी वाऱ्यापासून दूर वळावे, तर वेग उलट वाढतो.

दोषी नौकेने दोन फेऱ्यांची शिक्षा (पाण्यातच दोन पूर्ण गोल फिरणे) घेतली असती, तर प्रकरण तिथेच मिटले असते, हे म्हणणेही बरोबर नाही, कारण गंभीर नुकसान झाले असल्यास 44व्या नियमाप्रमाणे दोषी नौकेला शर्यतच सोडावी लागते. राहिला मित्राविरुद्ध तक्रार नोंदवण्याचा संकोच. त्यात वैर मानण्यासारखे काही नाही, आणि नुकसानभरपाईची बोलणी करताना तक्रार ऐकणाऱ्या समितीचा लेखी निर्णय दोघांच्याही उपयोगी पडतो.