कसोटीतली दर्जेदार फिरकी: स्वीप मारायचा की सरळ बॅटने खेळायचं? (टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

तिसरी स्लिप
चौथा दिवस, चेंडू हातभर वळतोय, शॉर्ट लेग आणि सिली पॉइंटचे क्षेत्ररक्षक तोंडाशी, आणि गोलंदाज एकच टप्पा धरून बसलाय. अशा वेळी 'सरळ बॅटने खेळत राहा' असं सांगणं म्हणजे बाद होणं दहा षटकं लांबवणं. माझ्या मते वळणाऱ्या खेळपट्टीवर स्वीप, म्हणजे गुडघा टेकून आडव्या बॅटने लेगकडे मारायचा फटका, हाच खरा बचाव. जानेवारी 2024 मधली हैदराबादची कसोटी आठवा. इंग्लंड पहिल्या डावात 190 धावांनी मागे होतं. ऑली पोपने स्वीप आणि रिव्हर्स स्वीपच्या (तोच फटका उलटा, ऑफकडे) जोरावर 196 काढल्या आणि इंग्लंड 28 धावांनी जिंकलं.

फायदा चौकारांपेक्षा क्षेत्ररचनेत दिसतो. दोन स्वीप नीट बसले की कर्णधार डीप स्क्वेअर लेगला माणूस पाठवतो, तो बहुतेकदा शॉर्ट लेगवरूनच काढलेला असतो. रिव्हर्स बसला की पॉइंट मागे जातो. गोलंदाज टप्पा आखूड करतो आणि बॅकफूटवर कट-पुल मिळायला लागतात. ऑस्ट्रेलियाच्या हेडनने 2001 च्या भारत दौऱ्यात तीन कसोटींत 549 धावा केल्या, त्या याच गणितावर.

सिली पॉइंट
हैदराबाद सांगितलंत, मग दिल्लीही सांगा. फेब्रुवारी 2023, ऑस्ट्रेलिया दुसऱ्या डावात 113 सर्वबाद, जडेजाचे 42 धावांत 7 बळी. स्मिथ आणि रेनशॉ अश्विनला स्वीप मारताना पायचीत, कॅरी आणि कुनमन जडेजाला रिव्हर्स मारताना त्रिफळाचीत. चेंडू खाली राहत होता आणि यष्ट्यांवर होता. आडव्या बॅटला उंचीचा अंदाज चुकवून चालत नाही. खाली राहिला तर बॅटखालून जातो, अनपेक्षित उसळला तर वरची कड लागते. सरळ बॅट उंचीतली ही चूक पोटात घालते.

आता वळणाचा हिशेब. चेंडू 5 अंश वळला तर टप्प्यापासून दर मीटरला जेमतेम 9 सेंमी सरकतो. बॅटची रुंदी जास्तीत जास्त 10.8 सेंमी, म्हणजे मधल्यापासून कडेपर्यंत 5.4. टप्प्यापासून 60 सेंमीच्या आत चेंडू गाठला तर तो पूर्ण वळूनही बॅटवरच येतो. तेवढं पुढे जाता येत नसेल तर सरळ मागे जा, यष्ट्यांच्या जवळ. तिथे वळण जास्त, पण ते बघून खेळायला वेळ मिळतो. जीव जातो तो मधल्या पट्ट्यात: अर्धं पाऊल पुढे, बॅट पॅडच्या पुढे, चेंडू दीड मीटर लांब पडलेला.

लक्ष्मणने 2001 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध कोलकात्याच्या 281 धावांच्या खेळीत हेच करून दाखवलं. लेगस्पिनर वॉर्न लेगबाहेरच्या रफमध्ये (बुटांनी उखडलेल्या जागेत) टाकायचा आणि लक्ष्मण पुढे सरसावून कधी कव्हर्समधून, कधी मिडविकेटला. टप्पा गाठला होता म्हणूनच त्याला दिशा निवडता आली.

तिसरी स्लिप
हिशेब पटला, पण तो उंचावरून सोडलेल्या, हवेत रेंगाळणाऱ्या चेंडूला लागू पडतो. वॉर्न हवेत चेंडू द्यायचा. जडेजा ताशी नव्वद किमीच्या वेगाने सपाट टाकतो तेव्हा हात सुटल्यापासून बॅटपर्यंत पाऊण सेकंद जेमतेम मिळतो. तेवढ्यात दोन पावलं पुढे जाऊन तोल सावरणं फार थोड्यांना जमतं. बाकीचे यष्टिचीत होतात, नाहीतर त्याच मधल्या पट्ट्यात अडकतात.

दिल्लीत स्वीपची *निवड* चुकली. स्वीप टप्प्यापेक्षा रेषेवर निवडायचा. उजव्या फलंदाजाला ऑफस्पिनर टाकतोय: चेंडू ऑफबाहेर पडला, पुढचा पाय ऑफ यष्टीबाहेर ठेवला आणि फटका खेळला, तर पॅडला लागूनही पायचीत देता येत नाही. डावखुरा फिरकीपटू लेगबाहेरच्या रफमध्ये टाकतोय: टप्पाच लेगबाहेर, पायचीतचा प्रश्नच नाही. यष्ट्यांच्या रेषेतल्या वेगवान चेंडूला मात्र आडवी बॅट बंद. पुढचा गुडघा वाकलेला, डोकं त्याच्या पुढे, बॅट वरून खाली, मनगटं फिरवून चेंडू जमिनीवर. डोकं मागे राहिलं की चेंडू हवेत जाणारच.

मिडल अँड लेग
दोघंही धावांवर बोलताय. दर्जेदार गोलंदाजाचे सहापैकी चार चेंडू नुसते थोपवायचे असतात, त्याचं काय? गावस्करची बंगळुरूची 96 (1987) काढून बघा. 221 चं लक्ष्य, समोर पाकिस्तानचे फिरकीपटू तौसिफ अहमद आणि इक्बाल कासिम, भारत 16 धावांनी हरला, पण त्या खेळपट्टीवर कसं टिकायचं ते त्या डावात आहे. चेंडू अगदी उशिरा, डोळ्यांखाली खेळायचा. खालच्या हाताची पकड दोन बोटांपुरती, म्हणजे कड लागली तरी चेंडू क्षेत्ररक्षकाच्या अलीकडे पडतो.

आणि बाहेर जाणाऱ्या चेंडूच्या मागे बॅट नेऊ नका. न वळणाऱ्या चेंडूची रेषा धरा. वळला तर बाहेरच्या कडेवरून जाईल, जाऊ द्या. बीट होण्याची, म्हणजे चेंडू हुकण्याची, लाज वाटली की बॅट शरीरापासून लांब जाते आणि स्लिपची सोय होते. पूर्वी पॅड पुढे करून बॅट मागे लपवणं चालायचं, पण डीआरएस (पंचांच्या निर्णयाची तंत्रज्ञानाने फेरतपासणी) आल्यापासून पुढच्या पायावरही सर्रास पायचीत मिळतात. तेव्हा बॅट पॅडच्या शेजारी हवी, मागे नको.

सिली पॉइंट
बचावाचं बोललात ते शंभर टक्के मान्य. तिसरी स्लिप, रेषेची अट घातलीत की तुमचा स्वीप षटकात एखाद्याच चेंडूला उरतो. मग तो मुख्य फटका कसा?

शिवाय चांगला गोलंदाज तुमचा गुडघा खाली जाताना बघतो आणि पुढचा चेंडू तसाच हात फिरवून सरळ, जोरात टाकतो. पाय वापरणाऱ्यालाही तो चकवतो, हे खरंय. 2001 मध्ये बंगळुरूला इंग्लंडचा डावखुरा फिरकीपटू जाइल्सने लेगबाहेरचा टप्पा धरून सचिनला 90 वर यष्टिचीत मिळवलं. पण पुढे निघालेला फलंदाज चेंडू अपेक्षेपेक्षा आखूड दिसला तर शेवटच्या क्षणी फटका सोडून बचाव करू शकतो, बॅट सरळच असते. गुडघा टेकल्यावर बदलायला काही उरत नाही.

तिसरी स्लिप
षटकात एकच स्वीप मारा, माझं काहीच म्हणणं नाही. तो एक शॉर्ट लेग हलवतो, आणि शॉर्ट लेग हलला की उरलेल्या पाच चेंडूंना 'मिडल अँड लेग' म्हणतात तो मऊ हातांचा बचाव निर्धास्तपणे करता येतो. मुख्य मी त्याला या अर्थाने म्हणतो. गुडघ्याचं म्हणाल तर दोन-तीन षटकं थोपवून गोलंदाजाचा सरळ चेंडू हातातून ओळखा, त्याआधी स्वीप काढूच नका. आणि नेटमध्ये स्वीपचा सराव नव्या, उसळत्या खेळपट्टीवर करण्यात अर्थ नाही. वापरून झिजलेली पट्टी घ्या, यष्ट्या लावा आणि रेषेतला प्रत्येक चेंडू सरळ बॅटने खेळायचा नियम पाळा.