दहा वर्षांचं वर्कस्टेशन आणि 'सर, स्पेअर येत नाही'

भोसरी_टूलरूम:
मंडळी, आमची छोटी टूलरूम आहे. डाय म्हणजे साचे डिझाइन करायला आणि कॅमसाठी (मशीनला कापायचा मार्ग काढून देणारं सॉफ्टवेअर) २०१५ साली झिऑन ई५-१६५० व्ही३ प्रोसेसरची दोन वर्कस्टेशन्स, म्हणजे दणकट कॉम्प्युटर, घेतली. धूळ, कूलंटचा वास, वीज जाणं-येणं सगळं सोसून आजही टूलपाथ, म्हणजे तो कापायचा मार्ग, काढून देतात. परवा एकाचा पॉवर सप्लाय गेला. कंपनीच्या माणसाला फोन लावला, तर म्हणे, "सर, मॉडेल बंद झालं, स्पेअर येत नाही. नवीन मशीनचं कोटेशन पाठवू?" वॉरंटी संपल्यावरही एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे पैसे, न चुकता भरली होती हो! बाजारातला साधा सप्लाय बसत नाही, कनेक्टरच वेगळा. त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. पुन्हा याच कंपनीच्या दारात जावं का?

तापकीर_गल्ली:
कन्व्हर्टर केबल मिळते, पण आंधळेपणाने लावू नका. अशा काही बोर्डांना फक्त १२ व्होल्ट लागतात. आधी पिनआउट, म्हणजे कुठल्या पिनवर किती व्होल्ट याचा तक्ता, शोधा, मल्टिमीटर लावा, मगच बटण दाबा. विंडोजचं म्हणाल तर धंद्यासाठी पैसे भरून सिक्युरिटी अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतात. मशीनमागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट. कॅमचं मशीन इंटरनेटपासून तोडलंत तर तेवढी घाई नाही.

निवृत्त_फील्ड_इंजिनिअर:
माझी नोकरी युनिक्स वर्कस्टेशन्स दुरुस्त करण्यात गेली. मशीन जुनं होणारच, त्याबद्दल तक्रार नाही. शेवटची तारीख गिऱ्हाइकाला फोन केल्यावर कळते, हे मात्र वाईट.

सिलिकॉन ग्राफिक्स २००६ मध्ये दिवाळखोरीत गेली होती. तरी त्याच वर्षअखेरीस आयरिक्स या त्यांच्या युनिक्सवर चालणाऱ्या मशीनचं उत्पादन थांबवताना सपोर्ट डिसेंबर २०१३ पर्यंत राहील, असं सांगून टाकलं. सात वर्षांत माणूस शांतपणे डेटा हलवतो. व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमची गोष्ट त्याहून भारी. मूळची डेक या कॉम्प्युटर कंपनीची, १९७७ ची. १९९८ मध्ये डेक कॉम्पॅककडे गेली, २००२ मध्ये कॉम्पॅक एचपीकडे. मालक बदलले, पण जुन्या व्हॅक्स मशीनवरचं काम नव्या अल्फा प्रोसेसरवर आणि तिथून इटॅनियमवर नेता येत होतं, म्हणून गिऱ्हाईक हललं नाही. पुढे एचपीने आवरतं घ्यायचं ठरवलं, तेव्हा २०१४ मध्ये एका वेगळ्या कंपनीने ती चालवायला घेतली आणि २०२२ मध्ये साध्या एक्स८६ वर, म्हणजे नेहमीच्या पीसीच्या जातीच्या प्रोसेसरवर, आणून दाखवली. गिऱ्हाईकच नसतं तर कोण या भानगडीत पडलं असतं?

आता उलट बाजू, नाव घेत नाही. एका वर्कस्टेशनात घड्याळाच्या चिपमध्येच लिथियम सेल बंद केलेला असे. दहाएक वर्षांनी सेल मेला की होस्टआयडी, म्हणजे मशीनचा ओळख क्रमांक, पुसला जायचा, आणि कॅडचं (डिझाइन सॉफ्टवेअरचं) लायसन्स नेमकं त्यालाच बांधलेलं. डिस्क ठणठणीत, प्रोसेसर ठणठणीत, पण सॉफ्टवेअर उघडायला तयार नाही! नवी चिप मागवली तर महिनोन् महिने वाट. मग आम्ही चिपचं काळं प्लास्टिक बारीक कानशीने घासून आतल्या सेलच्या पट्ट्या उघड्या करायचो, जुना सेल तोडायचो, दोन तारा सोल्डर करून बाहेर सीआर२०३२ लावायचो आणि बूट प्रॉम्प्टवर होस्टआयडी हाताने परत भरायचो. तो आकडा आधी लिहून ठेवलेला असला तर! म्हणून सर्व्हिसला गेलो की पहिलं काम, कॅबिनेटच्या आतल्या बाजूला होस्टआयडीची चिठ्ठी चिकटवायची.

कंपनी बदलून काही साधत नाही, दुसरी तरी काय सांगते? ऑर्डर देण्याआधी लेखी मागा: सप्लाय, बोर्ड आणि बायोस अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार.

भोसरी_टूलरूम:
सेल्सवाल्याला हेच मेल केलं. "वरून विचारून सांगतो" म्हणाला, अजून विचारतोच आहे. आमच्या कॅमचं लायसन्स डोंगलवर, म्हणजे मशीनला लावायच्या छोट्या चावीवर, आहे, त्यामुळे ती चिठ्ठी आम्हाला नको ना?

निवृत्त_फील्ड_इंजिनिअर:
चिठ्ठी नको, पण डोंगल जपा. दुसऱ्या मशीनवर ते चालतंय का, हे आजच लावून बघा. आणि बंद पडलेलं वर्कस्टेशन भंगारात देऊ नका. त्याची ईसीसी (चुका दुरुस्त करणारी) रॅम आणि पंखे चालूवाल्याला लागतील.